ॲसिटोन : तोफेच्या दारूपासून नखरंगापर्यंत – एका द्रावकाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :

नखांवरील रंग काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवातील प्रमुख घटक म्हणजे ॲसिटोन. हाच द्रव पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा युद्धोपयोगी पदार्थ होता. प्रस्तुत लेखात ॲसिटोनचे रासायनिक स्वरूप, कॉर्डाइट या स्फोटकाशी असलेला त्याचा संबंध, किण्वनपद्धतीचा उदय, युद्धोत्तर काळातील लॅकर उद्योग आणि पेट्रोरसायनांचे युग या टप्प्यांचा आढावा घेण्यात आला आहे. उद्योगाच्या इतिहासात 'मुख्य' उत्पादन कोणते व 'टाकाऊ' कोणते हे पदार्थाच्या गुणधर्मावर नव्हे, तर त्या त्या काळाच्या गरजेवर ठरत गेले, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजसंज्ञा : ॲसिटोन, नायट्रोसेल्युलोज, कॉर्डाइट, किण्वन, ब्यूटॅनॉल, नखरंग.

प्रस्तावना :

नेलपॉलिश रिमूव्हरची छोटी बाटली आज कोणत्याही जनरल स्टोअरमध्ये सहज मिळते. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब घेऊन तो नखावरून फिरवला की वाळून घट्ट बसलेला रंग क्षणात सुटतो, तीव्र गोडसर वास दरवळतो आणि पाहता पाहता द्रव उडून जातो. ही क्रिया इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. इतिहासलेखनातही अशा पदार्थांना फारसे स्थान मिळालेले नाही. युद्धाचा इतिहास सेनापती, तह आणि लढाया यांच्याभोवती फिरतो. विज्ञानाचा इतिहास शोध आणि शोधक यांच्याभोवती. परंतु तोफेतून सुटणारा गोळा आणि नखावरून पुसला जाणारा रंग या दोहोंमागे एकच द्रावक आणि एकच रासायनिक नाते असेल, तर त्या नात्याचा मागोवा घेणे इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. नखरंग व तो काढणारा द्रव यांमागील रसायनशास्त्र समजून घेणे.
२. पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात ॲसिटोनच्या निर्मितीचा इतिहास तपासणे.
३. युद्धोपयोगी उद्योगाचे शांतताकालीन उद्योगात झालेले रूपांतर अभ्यासणे.

रासायनिक पार्श्वभूमी :

ॲसिटोन हा कीटोन वर्गातील सर्वांत साधा पदार्थ होय. त्याच्या रेणूत मध्यभागी कार्बन व ऑक्सिजन यांचा दुहेरी बंध असून दोन्ही बाजूंस एकेक मिथिल गट असतो. तो रंगहीन, पाण्यापेक्षा हलका आणि सुमारे ५६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव आहे. पाण्यात तो कोणत्याही प्रमाणात मिसळतो. त्याचबरोबर तेले, मेद व राळा यांनाही विरघळवतो. मधल्या ऑक्सिजनकडे ऋण भार झुकलेला असल्यामुळे पाण्यासारख्या ध्रुवीय पदार्थांशी त्याचे जुळते, तर दोन मिथिल गटांमुळे तेलकट पदार्थांशीही जवळीक साधता येते. दोन्ही प्रकारच्या पदार्थांशी जुळवून घेण्याची ही क्षमताच त्याच्या उपयुक्ततेचे मूळ होय.

नेहमीच्या नखरंगाचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असतो. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली असता हा पदार्थ मिळतो. एथिल ॲसिटेट व ब्यूटिल ॲसिटेट या द्रावकांत तो विरघळवून त्यात राळ, लवचिकता आणणारे पदार्थ आणि रंगद्रव्ये मिसळली जातात. नखावर लावल्यानंतर द्रावक उडून जातात आणि नायट्रोसेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून पातळ चकचकीत पापुद्रा तयार होतो. या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या नसतात. म्हणूनच ॲसिटोनचे रेणू त्यांच्यामध्ये शिरले की साखळ्या सुट्या होतात आणि रंग पुन्हा द्रवरूपात येतो. येथे कोणताही पदार्थ नष्ट होत नाही वा नवा तयार होत नाही. रंग वाळणे आणि रंग निघणे या एकाच क्रियेच्या उलटसुलट बाजू होत.

अलीकडे प्रचलित झालेल्या जेल प्रकारच्या नखरंगाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जेलमधील घटक अतिनील प्रकाशाखाली परस्परांशी रासायनिक बंधांनी जोडले जाऊन जाळे तयार होते. हे जाळे ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, केवळ फुगते. त्यामुळे बोटे बराच वेळ ॲसिटोनमध्ये भिजवून ठेवावी लागतात व नंतर सुटलेला थर खरवडून काढावा लागतो.

ॲसिटोनची ओळख :

सतराव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ आंद्रेआस लिबाव्हियस याने लेड ॲसिटेट तापवून हा द्रव मिळवल्याचे मानले जाते. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तो प्रयोगशाळेतील एक कुतूहल म्हणूनच राहिला. १८३२ मध्ये फ्रान्समधील ड्यूमा आणि जर्मनीतील लीबिग यांनी त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण निश्चित केले. त्याच सुमारास फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान बुसी याने त्याला 'ॲसिटोन' हे नाव दिले. सिरक्याच्या आम्लाशी, म्हणजे ॲसिटिक आम्लाशी, असलेले नाते या नावातून सूचित होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर विल्यमसन व केकुले यांच्या कार्यामुळे त्याची रचना स्पष्ट झाली. मात्र या संपूर्ण काळात ॲसिटोनला मोठी बाजारपेठ नव्हती. ती मिळण्यासाठी आणखी एका शोधाची आवश्यकता होती.

गनकॉटन आणि कॉर्डाइट :

१८४६ मध्ये बाझेल येथील प्राध्यापक ख्रिश्चन शॉनबाइन याने कापसावर आम्लमिश्रणाची क्रिया करून गनकॉटन तयार करण्याची पद्धत जाहीर केली. दिसायला साध्या कापसासारखा असणारा हा पदार्थ काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक शक्तिशाली होता आणि त्याच्या ज्वलनात धूर जवळजवळ होत नव्हता. परंतु त्याला आवरणे अवघड होते. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हरशॅम येथील गनकॉटनच्या कारखान्यात भीषण स्फोट होऊन अनेक कामगार मृत्युमुखी पडले. तंतुमय गनकॉटन एकदम भडकते. बंदुकीच्या नळीत ते ठरावीक गतीने जळावे यासाठी त्याचे तंतुरूप मोडून त्याला घट्ट, एकजीव रूप देणे आवश्यक होते. हे काम केवळ द्रावकच करू शकत होता.

या ठिकाणी रसायनशास्त्रातील एक सूक्ष्म भेद निर्णायक ठरला. कमी नायट्रोजन असलेले नायट्रोसेल्युलोज ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळते. परंतु सुमारे १३ टक्के नायट्रोजन असलेले गनकॉटन त्यात विरघळत नाही. ॲसिटोनमध्ये मात्र ते विरघळते. १८८९ मध्ये सर फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसलिन यांचे मिश्रण ॲसिटोनच्या साहाय्याने मळून त्याच्या दोऱ्या काढल्या. दोरीसारख्या रूपावरून या स्फोटकाला 'कॉर्डाइट' हे नाव मिळाले. दोऱ्या वाळताना ॲसिटोन उडून जात असे. अंतिम स्फोटकात त्याचा अंशही अपेक्षित नव्हता, पण त्याच्याविना ते तयारच होऊ शकत नव्हते.

आल्फ्रेड नोबेल याने १८८७ मध्ये 'बॅलिस्टाइट' नावाची धूररहित दारू तयार केली होती. कॉर्डाइट ही आपल्याच शोधाची नक्कल आहे असा दावा त्याच्या कंपनीने न्यायालयात केला. नोबेलच्या एकस्वात विद्राव्य प्रकारच्या नायट्रोसेल्युलोजचा उल्लेख होता, तर कॉर्डाइटमध्ये अविद्राव्य मानले जाणारे गनकॉटन वापरले होते. या भेदावर १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नोबेलच्या विरुद्ध निर्णय दिला. एखादा पदार्थ कोणत्या द्रावकात विरघळतो हा प्रश्न अशा रीतीने एका मोठ्या एकस्वविवादाचा गाभा ठरला.

कॉर्डाइट हे ब्रिटिश सैन्याचे व नौदलाचे प्रमुख प्रक्षेपक द्रव्य बनले. हिंदुस्थानात निलगिरी पर्वतातील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचा सरकारी कारखाना सुरू झाला. परिणामतः ॲसिटोनची गरज साम्राज्यभर निर्माण झाली.

लाकूड आणि टंचाई :

त्या काळी ॲसिटोन लाकडापासून मिळवले जाई. बर्च, बीच, मेपल यांसारख्या वृक्षांचे लाकूड हवाबंद भट्टीत तापवल्यास कोळशाबरोबर एक आम्लधर्मी द्रव मिळतो. त्यात चुना मिसळल्यास कॅल्शियम ॲसिटेट तयार होते आणि ते कोरडे तापवल्यास ॲसिटोन बाहेर पडते. एक टन ॲसिटोनसाठी ८० ते १०० टन लाकूड लागे. ब्रिटनजवळ एवढी वनसंपत्ती नव्हती. १९१३ च्या सुमारास फॉरेस्ट ऑफ डीन येथे सरकारी कारखाना उभारला गेला असला, तरी मुख्य भिस्त अमेरिकेतून होणाऱ्या आयातीवरच होती.

१९१४ मध्ये युद्धास तोंड फुटल्यावर ही व्यवस्था अपुरी पडली. खंदकांच्या युद्धात तोफगोळ्यांचा खप सर्व अंदाजांपलीकडे गेला. मे १९१५ मध्ये 'द टाइम्स' या वृत्तपत्राने तोफगोळ्यांच्या तुटवड्याला वाचा फोडली. त्यातून निर्माण झालेल्या राजकीय पेचप्रसंगानंतर संमिश्र मंत्रिमंडळ आले आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवनिर्मित युद्धसामग्री खात्याचा कारभार सोपवण्यात आला.

टंचाईवर दोन मार्गांनी उपाय शोधण्यात आला, ही बाब बहुधा दुर्लक्षिली जाते. पहिला मार्ग ॲसिटोन टाळण्याचा होता. कमी नायट्रोजनचे नायट्रोसेल्युलोज वापरून ईथर-अल्कोहोलच्या साहाय्याने तयार होणारा 'आर.डी.बी.' हा कॉर्डाइटचा नवा प्रकार विकसित करण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील ग्रेटना येथे त्यासाठी अवाढव्य कारखाना उभारला गेला. तेथे हजारो तरुण स्त्रिया नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचा लगदा हातांनी कालवत असत. १९१६ मध्ये तेथे भेट देणाऱ्या आर्थर कॉनन डॉइल यांनी या लगद्याला 'सैतानाची लापशी' असे नाव दिले. नौदलाला मात्र जुन्या प्रकारच्या कॉर्डाइटचा आग्रह सोडणे मान्य नव्हते. त्यामुळे ॲसिटोन नव्या पद्धतीने तयार करण्याचा दुसरा मार्गही अवलंबावा लागला.

वाइझमन आणि किण्वनपद्धती :

या दुसऱ्या मार्गाची सुरुवात युद्धाशी संबंध नसलेल्या एका संशोधनातून झाली होती. १९१० च्या आसपास रबराचे भाव कडाडले होते आणि कृत्रिम रबर तयार करण्याचे प्रयत्न सुरू होते. त्यासाठी ब्यूटॅनॉल हे अल्कोहोल हवे होते. मँचेस्टर विद्यापीठातील रसायनज्ञ खाइम वाइझमन आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील ऑग्युस्त फेर्नबाख हे एका खासगी कंपनीच्या या प्रकल्पात सहभागी होते. पिष्टमय पदार्थांचे जीवाणूंद्वारा किण्वन केले असता ब्यूटॅनॉलबरोबर ॲसिटोनही मिळते, असे आढळले. तेव्हा हवे होते ते ब्यूटॅनॉल. ॲसिटोन ही आनुषंगिक प्राप्ती होती.

१९१२ मध्ये वाइझमन या प्रकल्पातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्रपणे अधिक कार्यक्षम जीवाणू वेगळा केला. पुढे १९२६ मध्ये त्याला 'क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्यूटिलिकम' हे नाव रूढ झाले. शिजवलेल्या मक्याच्या पेजेत हा जीवाणू सोडल्यास दोन-तीन दिवसांत ॲसिटोन, ब्यूटॅनॉल आणि इथेनॉल ही द्रव्ये साधारण ३ : ६ : १ या प्रमाणात तयार होतात. या जीवाणूला ऑक्सिजन सोसत नाही आणि परक्या जंतूंचा शिरकाव झाला की संपूर्ण घाण वाया जाते. त्यामुळे पिंपे व नळ वाफेने निर्जंतुक करणे, शुद्ध बीजसंवर्धन टप्प्याटप्प्याने वाढवणे ही प्रयोगशाळेतील शिस्त कारखान्यात आणावी लागली. मद्यनिर्मितीच्या पारंपरिक ज्ञानापेक्षा ही गोष्ट वेगळी होती. शुद्ध संवर्धनावर आधारलेल्या मोठ्या प्रमाणावरील औद्योगिक किण्वनाचा पाया येथे घातला गेला आणि पुढील काळातील प्रतिजैविकांच्या निर्मितीस हाच अनुभव मार्गदर्शक ठरला.

१९१५ मध्ये नौदलाने वाइझमन यांना पाचारण केले. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी आपल्याकडे ३०,००० टन ॲसिटोनची मागणी केली, असे वाइझमन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. युद्धकाळात या पद्धतीने झालेले प्रत्यक्ष उत्पादन या आकड्याच्या जवळपासही पोहोचले नाही. तथापि पद्धत व्यवहार्य असल्याचे निश्चितपणे सिद्ध झाले. लंडनमधील ब्रॉमली-बाय-बो येथील निकोल्सन यांच्या जिनच्या भट्टीत प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. त्यानंतर डॉर्सेटमधील होल्टन हीथ येथील नौदलाचा कॉर्डाइट कारखाना आणि किंग्ज लिन येथील कारखाना यांत ही पद्धत आणली गेली. १९१६ पासून कॅनडातील टोरांटो येथील गुडरहॅम अँड वर्ट्स या मद्यनिर्मिती कंपनीच्या जागेत, तर अमेरिका युद्धात उतरल्यानंतर इंडियाना राज्यातील टेरे होट येथे उत्पादन सुरू झाले. मद्याच्या भट्ट्या युद्धसामग्रीच्या कामी लागल्या.

१९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याशी ॲसिटोनचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. वाइझमन हे झायोनवादी चळवळीचे अग्रणी नेते होते आणि हा जाहीरनामा त्यांच्या वैज्ञानिक सेवेची परतफेड होता, असे लॉइड जॉर्ज यांनी युद्धविषयक आठवणींत सुचवले. स्वतः वाइझमन यांनी मात्र हा सरळ हिशेब नाकारला. ब्रिटनची पश्चिम आशियाविषयक धोरणे, युद्धातील डावपेच आणि दीर्घकाळची राजनैतिक बोलणी यांना बाजूला सारून एका द्रावकाला एवढे श्रेय देणे इतिहासाला धरून होणार नाही. ॲसिटोनमुळे वाइझमन यांना सत्तावर्तुळात प्रवेश सुलभ झाला, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मुलांनी गोळा केलेल्या बिया :

मक्यापासून ॲसिटोन तयार करण्यातील मूलभूत अडचण अशी होती की मका हे अन्न होते. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे ब्रिटनची धान्य-आयात धोक्यात आली. भाकरी की दारूगोळा, असा प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून खाण्यास निरुपयोगी, पण पिष्टमय असलेल्या हॉर्स चेस्टनटच्या बियांकडे लक्ष गेले. ब्रिटिश मुलांच्या खेळातल्या या बिया. त्या वर्षीच्या शरद ऋतूत शाळांतील मुलांना आणि बालवीरांना त्या गोळा करण्याचे आवाहन करण्यात आले. ज्या प्रक्रियेसाठी बिया हव्या होत्या, ती शत्रूला कळू नये म्हणून मुलांना केवळ युद्धकार्यासाठी त्यांची गरज आहे एवढेच सांगितले गेले.

मुलांनी अपेक्षेपेक्षा अधिक बिया जमवल्या. वाहतुकीची व्यवस्था मात्र त्या मानाने उभी राहिली नाही आणि बियांचे ढीग रेल्वे स्थानकांवर कुजून गेले. सुमारे ३,००० टन बिया किंग्ज लिनच्या कारखान्यात पोहोचल्या. एप्रिल १९१८ मध्ये उत्पादन सुरू झाले, पण बियांपासून मिळणारा उतारा समाधानकारक नसल्याने जुलैमध्ये ते थांबवण्यात आले. आर्थिकदृष्ट्या हा प्रयोग अयशस्वी ठरला. तथापि सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. आधुनिक युद्धाने सैनिक व नागरिक, कारखाना व शाळा यांमधील सीमारेषा कशा पुसून टाकल्या, हे या घटनेतून दिसते. ज्या वस्तूने मुले खेळत होती, त्याच वस्तूपासून तोफेची दारू व्हावयाची होती आणि हे त्या मुलांना ठाऊक नव्हते.

हिंदुस्थानातील प्रयत्न :

हिंदुस्थानातही या हालचालींचे पडसाद उमटले. किण्वनपद्धतीने ॲसिटोन तयार करण्यासाठी नाशिक येथे सरकारी कारखाना उभारण्याचे काम युद्धकाळात हाती घेण्यात आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर आणि त्यांचे सहकारी किण्वनाचे संशोधन करीत होते. मोहाची फुले या देशी, शर्करायुक्त कच्च्या मालाचाही त्यांनी अभ्यास केला. युद्ध १९१८ मध्ये संपल्याने ॲसिटोनची तातडी ओसरली. आदिवासी समाजाच्या आहारात व मद्यात स्थान असलेले मोहाचे फूल साम्राज्याच्या स्फोटक उद्योगासाठी कच्चा माल म्हणून तपासले जावे, ही बाब वसाहतकालीन विज्ञानाच्या दिशेवर प्रकाश टाकते.

ब्यूटॅनॉलचे पुनरागमन – मोटारी आणि नखे :

युद्धकाळात प्रत्येक टन ॲसिटोनमागे जवळजवळ दोन टन ब्यूटॅनॉल निर्माण होत होते आणि त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. नको असलेला हा द्रव पिंपांत साठवून ठेवला जाई. युद्ध संपताच कॉर्डाइटची मागणी कोसळली आणि कारखाने बंद पडू लागले. परंतु त्याच वेळी अमेरिकेत मोटार उद्योग वेगाने वाढत होता. तेलयुक्त रंग वाळण्यास आठवडे लागत आणि तयार गाड्या रंगशाळेत अडकून पडत. दुसरीकडे स्फोटकांच्या कारखान्यांकडे नायट्रोसेल्युलोज बनवण्याची मोठी क्षमता रिकामी पडून होती.

ड्यू पाँट कंपनीने कमी दाटपणाच्या नायट्रोसेल्युलोजपासून तयार केलेले 'ड्यूको' हे लॅकर १९२३ मध्ये बाजारात आणले आणि जनरल मोटर्सने ते ओकलंड या गाडीसाठी वापरले. आता रंग काही तासांत वाळू लागला. या लॅकरला सावकाश उडणारा आणि रंगाचा थर सपाट बसवणारा द्रावक हवा होता. तो ब्यूटिल ॲसिटेटच्या रूपाने मिळाला आणि ब्यूटिल ॲसिटेट ब्यूटॅनॉलपासून बनते. टेरे होट येथील कारखाने विकत घेणाऱ्या कमर्शियल सॉल्व्हंट्स कॉर्पोरेशनने वाइझमन पद्धत पुन्हा सुरू केली. मात्र या वेळी मुख्य उत्पादन ब्यूटॅनॉल होते आणि ॲसिटोन दुय्यम ठरले.

नखरंगाचा आधुनिक इतिहास याच वातावरणात घडला. १९१० च्या दशकात अमेरिकेतील क्यूटेक्स या नाममुद्रेने नखांसाठी द्रवरूप रंग आणला. १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे चार्ल्स व जोसेफ रेव्हसन हे बंधू आणि रसायनज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन कंपनी स्थापन केली. पारदर्शक रंगांऐवजी रंगद्रव्ये वापरून त्यांनी गडद, अपारदर्शक छटा उपलब्ध करून दिल्या. मोटारीवरील लॅकर आणि नखावरील रंग यांचे मुख्य घटक एकच होते. नखरंग लावणारे ब्यूटिल ॲसिटेट आणि तो काढणारे ॲसिटोन, ही दोन्ही द्रव्ये मक्याच्या एकाच पेजेतून निघू शकत होती, हे विशेष होय.

नखरंगातील नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोजनचे प्रमाण गनकॉटनपेक्षा कमी असते. द्रावक, राळ व रंगद्रव्ये यांच्या सोबतीत ते स्फोटक राहत नाही. परंतु त्याचे कुळ विसरता येत नाही. कोरड्या स्थितीत ते धोकादायक असल्याने त्याची वाहतूक अल्कोहोल किंवा पाण्याने भिजवून केली जाते. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटासह मूकपटांच्या काळातील चित्रफिती याच पदार्थाच्या होत्या. जानेवारी २००३ मध्ये पुणे येथील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडारास लागलेल्या आगीत अशा अनेक दुर्मिळ फिती नष्ट झाल्या. नायट्रोसेल्युलोज जतन करणे किती अवघड आहे, याचा हा महाराष्ट्रातील अनुभव होय.

पेट्रोरसायनांचे युग :

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खनिज तेलावर आधारित पद्धतींनी किण्वनाला मागे टाकले. प्रथम प्रोपिलीनपासून मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून ॲसिटोन तयार होऊ लागले. पुढे क्यूमीन पद्धत आली. १९४४ मध्ये जर्मनीत हॉक व लांग यांनी तिचे रासायनिक तत्त्व प्रसिद्ध केले. सोव्हिएत संघातही याच दिशेने स्वतंत्र संशोधन झाले आणि १९४९ मध्ये तेथे कारखाना सुरू झाला. बेंझीन व प्रोपिलीन यांपासून क्यूमीन बनवून हवेतील ऑक्सिजनने त्याचे ऑक्सिडीकरण केले आणि नंतर आम्लाच्या साहाय्याने विघटन केले असता फिनॉल व ॲसिटोन एकत्र मिळतात. एक टन फिनॉलमागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन तयार होते. आज जगातील बहुतांश ॲसिटोन याच पद्धतीने येते. भारतात ठाणे-बेलापूर पट्ट्यातील हर्डिलिया केमिकल्स आणि कोची येथील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स यांनी या पद्धतीने उत्पादन केले. २०१८ मध्ये गुजरातमधील दहेज येथे नवा मोठा प्रकल्प सुरू झाला.

या पद्धतीत उत्पादकाचे लक्ष मुख्यतः फिनॉलवर असते, कारण राळा व प्लॅस्टिक यांसाठी त्याला मोठी मागणी आहे. ॲसिटोन त्याच्याबरोबर अपरिहार्यपणे येते. म्हणजेच ज्या द्रवासाठी एके काळी जंगले जाळली गेली आणि मुले रानोमाळ फिरली, तो आज दुसऱ्याच पदार्थाच्या सोबतीने बाजारात येतो.

सुरक्षिततेचा प्रश्न :

ॲसिटोनची विषारकता तुलनेने कमी आहे. मानवी शरीरातही मेदाच्या चयापचयात ते अल्प प्रमाणात तयार होते. उपवासात व अनियंत्रित मधुमेहात श्वासाला त्याचा वास येतो. खरा धोका आगीचा आहे. शून्याखालील तापमानातही त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून दिवा किंवा शेगडी यांच्याजवळ रिमूव्हर वापरणे योग्य नव्हे. नखातील केराटिन त्यात विरघळत नाही, परंतु तेलकटपणा निघून गेल्याने नखे व त्वचा कोरडी पडतात. 'ॲसिटोनविरहित' रिमूव्हरमध्ये बहुधा एथिल ॲसिटेट असते. तेही ज्वलनशीलच आहे.

नावांच्या साम्यामुळे उद्भवलेली एक दुर्घटना येथे नोंदवणे आवश्यक आहे. कृत्रिम नखे काढण्यासाठी पूर्वी ॲसिटोनायट्राइल हा द्रावक असलेली उत्पादने विकली जात. शरीरात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत असे उत्पादन पोटात गेल्याने एका तान्ह्या मुलाचा मृत्यू झाला. ते ॲसिटोनयुक्त साधे रिमूव्हर असावे असा समज झाल्याने धोक्याचे गांभीर्य वेळीच ध्यानात आले नव्हते. युरोपमध्ये २००० पासून सौंदर्यप्रसाधनांत ॲसिटोनायट्राइलच्या वापरास बंदी आहे. बाटलीवरील घटकांची नावे स्पष्ट असण्याची आणि ती वाचली जाण्याची निकड यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :

१. नखरंग काढणे आणि कॉर्डाइट मळणे या दोन्ही क्रियांचा आधार नायट्रोसेल्युलोज व ॲसिटोन यांच्यातील विद्राव्यतेचे एकच नाते होय. युद्ध व सौंदर्यप्रसाधन ही दोन क्षेत्रे वेगळी भासली तरी त्यांचा रासायनिक पाया समान आहे.

२. ॲसिटोनच्या इतिहासात मुख्य व दुय्यम उत्पादनांच्या जागा वारंवार बदलल्या. रबराच्या शोधात ब्यूटॅनॉल मुख्य होते, युद्धात ॲसिटोन, मोटारींच्या युगात पुन्हा ब्यूटॅनॉल आणि आज फिनॉल. पदार्थ तेच राहिले. त्यांचे मोल काळाने ठरवले.

३. वैज्ञानिक शोधाला एका व्यक्तीच्या किंवा एका राजकीय निर्णयाच्या चौकटीत बसवणे अपुरे ठरते. वाइझमन यांच्या कार्याइतकाच ग्रेटनातील स्त्रियांच्या हातांचा, भट्टीकामगारांचा आणि शाळकरी मुलांच्या श्रमांचा या इतिहासात वाटा आहे.

४. कच्च्या मालाच्या निवडीमागे नेहमीच कोणाची तरी किंमत दडलेली असते. लाकडाच्या काळात ती वनांनी मोजली आणि मक्याच्या काळात अन्नाने. आज ती मर्यादित खनिज तेलाच्या रूपाने मोजली जात आहे. किण्वनाद्वारे द्रावके मिळवण्याच्या पद्धतीकडे संशोधक पुन्हा वळत आहेत, ते याच कारणाने. भाकरी की दारूगोळा हा १९१७ मधील प्रश्न आज अन्न की रसायने या रूपात पुन्हा उभा राहू शकतो आणि त्याचे उत्तर शोधताना मागील शतकाचा हा अनुभव विचारात घ्यावा लागेल.